अण्णांची निवड, माझ्या देखरेखीखाली

३ सप्टेंबर, संध्याकाळी सात

अण्णा आले. तिकडे ताईने बसमध्ये बसवून दिलं, इकडे मी उतरवून घेणार, असं ठरलं होतं. बस वेळेवर आली. बस कधी वेळेवर येत नाही, त्यामुळे चूक कुणाची हे सांगता येत नाही. अण्णा पाऊण तास स्टँडवरच्या बाकावर बसले. चिडले नाहीत. म्हणाले, बाक चांगला होता.

परिस्थिती लिहून ठेवतो. अण्णांच्या फुप्फुसात कॅन्सर आहे. सलाइनमधली औषधं सहा वेळा झाली, गाठ लहान झाली, आता परत वाढतेय. तिकडच्या डॉक्टरांकडे आणखी देण्यासारखं फार उरलेलं नाही. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नव्या गोळीची ट्रायल चालू आहे. ती कुणालाही देत नाहीत. माणूस पात्र ठरावा लागतो.

आणि इथे त्यांचा मुलगा, म्हणजे मी, आहे, हे अण्णांचं नशीब. भरतीचा माझ्याइतका अनुभव आमच्या घराण्यात कुणाला नाही. सैन्यात दोनदा, सिक्युरिटीत एकदा, फायर ब्रिगेडमध्ये एकदा. चारही वेळा शेवटच्या टप्प्यापर्यंत. (फायर ब्रिगेडला पहिल्या.) माणसाला कुठे बाद करतात ते मला पाठ आहे.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून अण्णांची तयारी करून घेणे.

४ सप्टेंबर

साडेआठला उठलो. प्रवासाचा शीण. प्रवास अण्णांनी केला, पण काळजी मी केली.

मामा पाचला उठले होते. मामा म्हणजे रूम-पार्टनर, नात्याने कुणाचेच मामा नाहीत. मी ज्या काचेच्या वर्कशॉपात हेल्पर आहे, तिथे ते कटर. बायको-मुलं लांब. मी उठेपर्यंत त्यांनी अण्णांना अंघोळीला गरम पाणी, चहा आणि खिडकीजवळची कॉट दिली होती. कॉट मीच देणार होतो.

दुपारी तयारी घेतली. मी हॉस्पिटलातली मॅडम, अण्णा पेशंट. खोकला किती? किरकोळ. जिना चढता का? आरामात. दुसरं काही औषध घेता का? छे.

अण्णा म्हणाले, अरे, या खोलीपर्यंत यायला मी दोनदा थांबलो. म्हटलं, थांबा, पण बाहेरचं बघताय असं दाखवा. म्हणाले, जिन्यात भिंत आहे.

अण्णा तीस वर्षं वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक काट्यावर चढायचा, हे आकडा लिहायचे. ड्रायव्हर म्हणायचे, काका, पाच किलो इकडेतिकडे करा. हे म्हणायचे, ट्रक खाली घे आणि पाच किलो काढ. अशा माणसाला तयार करायचं आहे. काम अवघड आहे, पण गुरू चांगला आहे.

६ सप्टेंबर

हॉस्पिटल. डॉक्टर कमी बोलले, फाइलवाल्या मॅडम जास्त. आज सही केली की अठ्ठावीस दिवसांत सगळ्या तपासण्या बसल्या पाहिजेत. रक्त, स्कॅन, आणि आधी काढलेल्या गाठीच्या तुकड्यात एक ठरावीक जीन सापडला पाहिजे. सगळं जमलं तरी निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना नेहमीचं औषध. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. मी विचारलं, कॉम्प्युटरवर कोण बसतं. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. ओळख ठेवलेली बरी, म्हणून विचारलं.

मग प्रश्न. अण्णांनी माझी सगळी मेहनत पाण्यात घातली. सिगारेट? बावीस वर्षं, दिवसाला आठ, पगाराच्या दिवशी दहा. जिना? दोनदा थांबतो. मी खालून पाय दाबला तर म्हणाले, हा पाय का दाबतोय विचारा त्याला. मॅडम म्हणाल्या, सिगारेट ओढली म्हणून कुणाला काढत नाही हो, खरं कळलं की बरं पडतं.

दुसरं काही औषध? अण्णांनी पिशवीतून पुडी काढली. भुकटी. दोन महिन्यांपूर्वी मीच पाठवलेली. आमच्या वर्कशॉपच्या गाडीचा ड्रायव्हर विकतो, फुप्फुसं धुऊन काढते म्हणतो. मी भिंतीवरचा आगीच्या वेळी बाहेर पडायचा नकाशा वाचायला घेतला. मॅडमनी विचारलं, कुणी दिली. अण्णा म्हणाले, मुलाने. फार कडू आहे, पण त्याने पाठवली म्हणून रोज घेतो.

९ सप्टेंबर

जीन सापडला. मी म्हटलंच होतं.

लिव्हरचे आकडे मात्र वाढलेत. इतक्या आकड्यांवर घेत नाहीत. डॉक्टर म्हणाले, भुकटीमुळे असू शकतं. ती आजपासून बंद, दोन आठवड्यांनी चोवीस तारखेला परत रक्त. उतरले तर ठीक. चार ऑक्टोबरला मुदत संपते.

ड्रायव्हरला जाब विचारला. तो म्हणाला, मी फुप्फुसांचं बोललो होतो, लिव्हरचं कधी काही बोललो का? तसा तो बोलला नव्हता.

अजून एक अट आहे. पेशंटबरोबर एक जबाबदार माणूस लागतो. पहिला महिना दर आठवड्याला यायचं, मग तीन आठवड्यांनी. फोन कायम चालू. रोजची वही भरायची: सकाळ-संध्याकाळ ताप, खोकला, जेवण, पोटात गेलेलं प्रत्येक औषध. ताप शंभरच्या वर गेला की लगेच फोन. हे दोन आठवडे वही सरावासाठी भरा म्हणाल्या. मी म्हटलं, मॅडम, मी तर मुळात रोजनिशी लिहिणारा माणूस. त्यांनी त्या रकान्यात माझं नाव पेन्सिलने लिहिलं. पेन संपलं असणार.

११ सप्टेंबर

वही: ताप ९८.४. खोकला: सकाळी जास्त. जेवण: अर्धं. अक्षर फार सुंदर आलंय. मामांना दाखवलं. ते म्हणाले, थर्मामीटर कुठाय? म्हटलं, हात लावून कळतं मला.

संध्याकाळी मामांनी थर्मामीटर आणला.

१६ सप्टेंबर

चार दिवसांचं राहिलं होतं. आठवून भरलं. तेरा तारखेला खोकला किती होता, अण्णांना विचारलं. म्हणाले, तेरा तारखेला तू कुठे होतास ते आधी आठव.

वर्कशॉपात एक काच फुटली. मोठी काच दोघांनी उचलायची, दोघांनी एकदम पाऊल टाकायचं. माझं पाऊल आधी पडलं. मामा म्हणाले, तुझं सगळंच आधी असतं, नाहीतर नंतर. मालक म्हणाले, आणखी एक फुटली तर बघ. मलाही या कामात राम वाटत नाही. माझ्यासारख्याला मोकळी हवा पाहिजे.

१७ सप्टेंबर

युक्ती सुचली. रोज वही काढायची, रोज पेन शोधायचं, यात वेळ जातो. एका बैठकीत चोवीस तारखेपर्यंतची सगळी पानं भरून टाकली. तब्येत रोज थोडी थोडी सुधारत नेली आहे. सगळंच छान लिहिलं तर शंका येईल, म्हणून बावीस तारखेला खोकला दिलाय. तेवीसला परत बरं वाटलंय.

डोक्यावरचं ओझं उतरलं. आता अण्णांकडे नीट लक्ष देता येईल.

२० सप्टेंबर, रात्री आठ

शहराच्या दुसऱ्या टोकाला क्रेनवर माणसं घेत होते. नोकरी सुधारली तर ती अण्णांसाठीच, म्हणून गेलो. मुलाखतीत फोन बंद ठेवायला सांगतात, ही शिस्त मी पाळली. पाच मिनिटांत बाद केलं. दहावी पास पाहिजे म्हणे. क्रेनला काय दहावी कळते?

खोलीवर आलो तर कुलूप.

दुपारी अण्णांना थंडी वाजली, ताप १०१. मला अकरा वेळा फोन केला, मग मामांना. मामा अर्धी कापलेली काच टेबलावर टाकून निघाले. वर्कशॉपची गाडी घेतली, अण्णांना ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि स्वतः मागे काचा धरून उभे राहिले. छातीत थोडा संसर्ग. एक दिवस ठेवून घेतलंय, घाबरण्यासारखं नाही.

मामा जाताना वही घेऊन गेले, हे मात्र योग्य झालं नाही.

मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मॅडम ती वाचत होत्या. वीस सप्टेंबर, संध्याकाळ: ताप नाही, भूक उत्तम, मन प्रसन्न. शेजारी अण्णा पांघरुणात कुडकुडत. मग एकवीसचं पान वाचलं. मग बावीसचं. म्हणाल्या, बावीसला खोकला आहे वाटतं. चोवीसचा रक्ताचा रिपोर्टही लिहून ठेवला असेल तर द्या, म्हणजे सुई टोचायला नको. अण्णा हसले. हसता हसता इतका खोकला आला की बावीसचा सगळा आजच झाला.

मी क्रेनचं सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या, गोळीने काही उलटसुलट झालं तर मला ते या वहीतून कळणार असतं हो.

२१ सप्टेंबर

अण्णा परत आले. मामांनी नवी वही केलीय. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. सात चाळीस, ९९.१. आठ दहा, चहा अर्धा कप, उरलेला ओतला. नऊ, खोकला, पाच मिनिटं, मग पेपर वाचला. असं लिहितात का कुणी? चहा ओतल्याचं काय लिहायचं?

ताईचा फोन. मी काही सांगायच्या आधीच तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, तुझ्यावर मी रागावलेले नाही. मला वाटतं रागावली असती तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर

रक्त दिलं.

२५ सप्टेंबर, दुपार

रिपोर्ट उद्या. कामाला गेलो नाही.

अण्णा झोपलेत. श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. मोजले, मिनिटाला बावीस. परत मोजले, एकवीस. लिव्हर उतरलं नाही तर ती भुकटी मी पाठवली होती. चांगली दोन पाकिटं पाठवली होती, एक संपलं की दुसरं. ते रोज घेत राहिले. म्हणाले असते एकदा, कडू आहे रे, नको पाठवू.

आज एवढंच.

२६ सप्टेंबर

उतरलं. डॉक्टर म्हणाले, आता मर्यादेत आहे. छातीचा संसर्गही गेला.

मामा बाहेर पॅसेजमध्ये उभे होते, त्यांना सांगितलं तर ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिले. वर्कशॉपात धूळ फार.

विचार केला तर या यशात माझा वाटा मोठा आहे. भुकटी थांबवल्यामुळे आकडे उतरले. आणि भुकटी असल्याशिवाय ती थांबवणार कशी?

संकल्प: मॅडमकडे जाऊन ते पेन्सिलचं नाव पेनने करून घेणे.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी सहा

अण्णा पात्र ठरले. डॉक्टरांनी हात मिळवला. अण्णांनी आधी रुमालाला हात पुसला, मग दिला.

शेवटचा फॉर्म अण्णांनी स्वतः भरला. तीस वर्षांची सवय, एक खाडाखोड नाही. माझी पेन्सिल रबराने पुसली होती, नीट, कागद न फाडता. जबाबदार व्यक्ती: मामा. मामांनी दर वेळच्या सुट्टीचं मालकांशी बोलून ठेवलंय, मला न विचारता. त्यांचा फोन लागला नाही तर: ताई. ताई बसने अकरा तासांवर आहे. मी अकरा पावलांवर झोपतो.

म्हटलं, अण्णा, माझं नाव राहिलंय. म्हणाले, नाही राहिलं, पुढचं पान बघ.

पान उलटलं. 'घरात तुमच्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती.' तिथे अण्णांच्या अक्षरात: मुलगा, एक, वय चोवीस.

मॅडमना म्हटलं, हे बदलता येईल का. त्या म्हणाल्या, पेशंट सांगेल तर बदलू. अण्णांनी चष्मा लावून परत वाचलं आणि म्हणाले, बरोबर आहे.

नवी गोळी की नेहमीचं औषध, ते उद्या कळणार. अण्णांना काळजी दिसत नाही. जिन्यात तीनदा थांबले आणि तिसऱ्यांदा म्हणाले, आत तर घेतलं ना, आता आत जाऊन बघू. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून उरलेल्या पायऱ्या चढले. हात पूर्ण वजनाने ठेवला होता. मी एकदाही डगमगलो नाही.

उद्या साडेसातला निघायचंय. मी पिशवी धरणार आहे. मामांनी मला उठवायचं कबूल केलंय.