पाटी कुणाच्या घरी अडली?

ओकायामा,
पर्सिमन वाळत घालण्याचे दिवस

प्रिय चिझुए,

सप्रेम नमस्कार. पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं आपल्याला नाराच्या कॉलेजात शिकवलं, म्हणून ऋतू कळवते. शरद संपत आला आहे, बाल्कनीत पर्सिमनची फळं सोलून दोरीला टांगली आहेत आणि कावळ्यांचा त्यांच्यावर डोळा आहे. ऋतू झाला. आता तब्येत. तुझा गुडघा कसा आहे? सप्पोरोत एव्हाना बर्फ पडलं असेल. बाहेर पडताना काठी घे, ऐट करू नकोस. सूनबाई मिसोच्या सूपमध्ये अजून साखर घालते का? (घालत असेल तर गप्प राहा. त्यांचं घर आहे.) मुलाला आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता घरातली धूळ स्पष्ट दिसते, हा त्याचा एकमेव तोटा. वसंतानंतर तुझं पत्र नाही. तक्रार करत नाही, फक्त नोंदवते.

पत्राचं कारण म्हणजे आपल्या मंडळाची वेबसाइट. तू सप्पोरोला गेल्यावर हे घोंगडं माझ्या गळ्यात पडलं. आपल्याकडचा पूर ओसरला तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये चिखलाने भरलेले फोटो धुवायला आपण बसलो होतो, आणि कुठून कुठून परकी माणसं मदतीला आली होती, आठवतं ना? तीच माणसं पुढे आपापल्या देशात पूर आला, भूकंप झाला की एकमेकांना विचारू लागली. चिखल कसा काढायचा, शंभर माणसांचा भात एका भांड्यात कसा लावायचा, ताडपत्रीला कोणती गाठ मारायची. एकाला येतं ते दुसऱ्याला शिकवायचं, फी नाही, प्रमाणपत्र नाही. हे सगळं आता एका जागी, कॉम्प्युटरवर व्हावं असं ठरलं. प्रमुख कोण, असा प्रश्न आला तेव्हा सभेतल्या सगळ्यांनी एकदम चहाच्या कपात पाहिलं. मी तेवढी चष्मा उजेडाकडे धरून पुसत होते, त्यामुळे माझी मान वर होती. झाले प्रमुख.

वेबसाइट बांधणारी रोझांजेला नावाची बाई ब्राझीलची. तिचे आजी-आजोबा आपल्या ओकायामाचे, शेतीसाठी तिकडे गेलेले. म्हणून तिला आपली भाषा येते, पण आजीच्या वेळची आणि खेड्यातली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ओठ, कानात मोठे डूल, आणि तोंड उघडलं की माझी मामी भाताच्या शेतातून बोलते आहे असं वाटतं. तिने मला विचारलं, "ताई, ही साइट चालावी कशी, येवढं एक सांगा. बाकी म्या बगते." मी म्हटलं, त्यात विचार कसला करायचा? आपल्या कॉलनीतल्या फिरत्या पाटीसारखी चालेल.

चिझुए, ती हिरवी पाटी तुला आठवत नसेल तर आपली मैत्री संपली असं समज. वर क्लिप, बाजूला दोरीने बांधलेली पेन्सिल, आत कचऱ्याचे वार, पाणी बंद राहण्याची सूचना आणि कुणाचं तरी हरवलेलं मांजर. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी स्वतःच्या हाताने नेऊन द्यायची. दाराला अडकवून पळणाऱ्या बायका आपल्या इमारतीत नव्हत्या (चौथ्या मजल्यावरची एक सोडून, आणि तिचं पुढे काय झालं ते तुला माहीतच आहे). साऱ्या इमारतीत ती पाटी झरझर फिरायची आणि एकाच घरी हमखास अडायची. तुझ्या. तू ती मन लावून वाचायचीस, मांजराच्या वर्णनासकट. मग मी चिडून समोरून यायचे, तुझी घंटी वाजवायचे, "पाटी!" एवढंच म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, "आलीच आहेस तर चप्पल काढ, मुळ्याचं लोणचं चाखून सांग." मग मीही तिथेच अडायचे. अंड्याची गुंडाळी न फाटता कशी उलटायची ते मी तुझ्या स्वयंपाकघरात शिकले, काखेत पाटी धरून. मुलाच्या गणवेशाची बाही कशी वाढवायची तेही. भाऊजी ऑफिसातून आले की दारातूनच म्हणायचे, "आज पाटी आपल्याकडे मुक्कामाला आहे वाटतं!" आपल्या दोघींना कॉलेजने इंग्रजी कविता शिकवली. संसाराला लागणारं जे काही मला येतं, ते त्या पाटीने शिकवलं. म्हणून वेबसाइट तशीच हवी, असं मी ठासून सांगितलं.

रोझांजेलाने ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाली, "अवो ताई, कॉम्प्युटरवर समद्यांना एकाच टायमाला दिसतंय की. एकामागनं एक कशापाई?" मी म्हटलं, सगळ्यांना एकदम दिसलेलं कुणीच वाचत नाही. "आन् एखादीपाशी अडली तर?" मी म्हटलं, अडत नाही. (हे मी कोणत्या तोंडाने म्हटलं ते विचारू नकोस.) तिने डूल हलवले आणि बांधून दिली. फार सुंदर बांधली. पाटी हिरवी, शिक्का गोल आणि लाल, आणि आपल्याकडे आली की दारावर टकटक झाल्यासारखा आवाज होतो. घरांचा क्रम मी स्वतः लावला. नैरोबी, वाल्पराइसो, इझ्मिर, आपली इमारत, सगळे शेजारी शेजारी. कुणी काही विचारलं की पाटी निघते. ज्याला येत नाही तो शिक्का मारून पुढे देतो. ज्याला येतं त्याच्याकडे पोचली की तो शिकवतो आणि मग पुढे धाडतो.

सुरुवातीला तर मला वाटलं, मला पदक मिळणार. नैरोबीच्या वांजिरूने ताडपत्रीची गाठ शिकवली ती इतकी पक्की की मी सरावासाठी खिडकीच्या पडद्याला मारली आणि अखेर पडदा कापावा लागला. अडचण आली ती परदेशातून नाही, आपल्याच इमारतीतून. आपले अध्यक्ष हिरामात्सुसाहेब. पडद्यावरचा शिक्का त्यांना खरा वाटेना. त्यांनी पाटी कागदावर छापून घेतली, तिच्यावर स्वतःचा लाकडी शिक्का मारला आणि शेजारी नेऊन दिली. शेजारणीने मारला, तिच्या शेजारणीने मारला. ती छापील पाटी इमारतभर हिंडून, कुणाकडे तरी सोया सॉसचा डाग लावून परत आली, तेव्हा साहेबांनी तिचा फोटो काढून रोझांजेलाला पाठवला आणि खाली लिहिलं, "आमच्याकडून काम पूर्ण. पुढे द्यावी." तोवर वाल्पराइसोची माणसं दुसऱ्यांदा विचारत होती की जपानमध्ये सगळं ठीक आहे ना.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. फिलिपिन्समध्ये नेनिता म्हणून आपली एक सभासद आहे. तिच्या गावात वादळाचं पाणी शिरलं. घरं उभी राहतील, पण लोकांचे लग्नाचे, बारशांचे, गेलेल्या माणसांचे फोटो चिखलात भिजले. ओले अल्बम गरम हवेत कुजतात, म्हणून तिने ते कोळणीच्या बर्फाच्या पेटीत ठेवले आहेत, वर मासे आणि खाली अख्ख्या गल्लीची लग्नं. तिने विचारलं, हे धुवायचे कसे? पाटी निघाली, घरोघर शिक्के घेत गेली, आणि जिला हे काम येतं तिच्याच घरी जाऊन अडली. नाव घेत नाही. त्या बाईची इभ्रत आहे. तिने ना शिकवलं, ना शिक्का मारला. तिच्यामागे अर्धं जग हात बांधून उभं आहे आणि कोळीण म्हणते आहे की पेटी तिला माशांसाठी हवी.

आता पाटी अडली की काय करायचं असतं ते तुला ठाऊक आहे. विचारायचं नसतं. इमारतीत बैठक झाली. एकीने सुचवलं, त्या बाईला थंडीच्या शुभेच्छा पाठवाव्या. पाठवल्या. दुसरीने सुचवलं, नूडल्सचा खोका पाठवावा, म्हणजे तिला आपण आठवू. पाठवला. हिरामात्सुसाहेबांनी पाटीचं महत्त्व या विषयावर एक सामान्य सूचना लिहिली, कुणालाही उद्देशून नसलेली, आणि ती पाटीवर लावली. पाटी अडलेलीच असल्यामुळे ती सूचना कुणीच वाचली नाही. रोझांजेलाने कपाळावर हात मारला. "अवो, फोन करा की तिला!" मी म्हटलं, तसं करत नाहीत. "मंग दार वाजवा!" मी म्हटलं, दार लांब आहे. "मंग तिला वगळून म्होरं जाऊ द्या. येक बटण टाकते, हाय काय अन् नाय काय!"

वगळण्याचं बटण! चिझुए, मी शांतपणे सांगितलं, पण आवाज चढला असावा, कारण तिने डूल काढून ठेवले. ज्या पाटीला घर वगळता येतं ती पाटी नव्हे, ते जाहिरातीचं पत्रक. येत्या रविवारी त्यावर मतदान आहे आणि बटण नको म्हणणारी मी एकटी उरले आहे. साहेबसुद्धा फुटले. ("इकुयोबाई, अहो मासे कुजतील.")

मग मी ठरवलं, आपणच शिकवू नेनिताला. त्यात काय आहे? गार पाणी, मऊ ब्रश, हलका हात, सावलीत चिमट्याने टांगणं. हॉलमध्ये मी तुझ्या शेजारीच बसत होते. सरावाला म्हणून आपला कॉलेजचा फोटो घेतला, हरणांच्या बागेतला, तुझ्या हातातला खाऊ हरीण पळवतंय आणि मी त्याला दटावते आहे तो. मुद्दाम भिजवला, चिखल लावला, आणि धुवायला बसले. चिखल निघाला. माझा चेहरा पण निघाला. तू शाबूत आहेस, हरीण शाबूत आहे, मधे एक पांढरा डाग हरणाला दटावतो आहे. मग आठवलं की हॉलमध्ये मला फोटो धुवायला कधी दिलेच नव्हते. मला फोटो घेऊन येणाऱ्यांची रांग लावायला दिली होती, आणि ती मी उत्तम लावली होती. तेव्हा हे काम माझ्या हातचं नाही. नेनिताच्या गल्लीतल्या बायकांना नवऱ्याऐवजी पांढरा डाग दिला तर त्या काय म्हणतील?

असो. थोरांना नमस्कार, लहानांना शिस्त. गरम कपडे घालत जा. उत्तराची घाई नाही.

तुझी,
इकुयो

ता.क. वाळलेल्या पर्सिमनचा खोका वेगळा पाठवते आहे. त्यामागे कसलाही हेतू नाही. आधी आलेल्या नूडल्समागे होता.

ता.क. २. हो, तुझ्याच घरी. घरांचा क्रम लावताना माझ्या पुढचं घर मी तुझंच ठेवलं होतं. दुसरं ठेवून मला जमलं नसतं. पाटी उघडली की वर हॉलमधला फोटो दिसतो आणि त्यात शिडीवर चढून दोऱ्या बांधणारे भाऊजी आहेत, हे मला माहीत आहे. हिवाळ्यात ते गेल्यापासून तू कुठलाच फोटो पाहत नाहीस, हे मुलाने सांगितलं. फोन मी त्याला केला होता. तुला करत नाहीत. पण नेनिताच्या पेटीतही कुणाचे तरी भाऊजी आहेत, आणि त्यांना हळू हाताने धुणारं आमच्यात दुसरं कुणी नाही.

ता.क. ३. रोझांजेलाला कळवलं आहे की बटण टाकायचंच तर वगळण्याचं नको, घंटीचं टाक. ते होईपर्यंत हाताने वाजवावी लागेल. शनिवारी सकाळच्या विमानाने निघते आहे. रविवारच्या सभेला साहेबांनी माझी खुर्ची रिकामी ठेवावी. पांढऱ्या डागाचा फोटो बरोबर आणते, तो नेनिताला आधी दाखव, म्हणजे काय करू नये ते कळेल. मग तू शिकव, मी रांग लावते. घंटी वाजली की विचारू नकोस कोण आहे. मी "पाटी!" म्हणेन. मुळ्याचं लोणचं घालून ठेव.