पळवाटा नसलेली कादंबरी

३ मार्च १९८४
अखेर पोहोचलो. वरच्या मजल्यावरची खोली माझी. अकरा फूट बाय नऊ, टेबल भक्कम, दिवा डाव्या हाताला, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. मांडणी करणाऱ्याला काम कळतं. मी सातवी नापास. व्याकरण स्वतःच शिकलो आणि एकोणीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत भल्याभल्या पदवीधरांच्या चुका काढतोय. आता एकतीस भयकादंबऱ्या लिहिलेल्या साहेबांनी मला नाव घेऊन बोलावलं! निघताना बायको म्हणाली, तिथं भूत दिसलं तरी त्याच्या चुकाच काढत बसाल.

५ मार्च
साहेब सत्तरीचे, बोलणं मऊ. घरात फोन नाही. लिहिताना घंटा खपत नाही. गेल्या तीन कादंबऱ्या साफ आपटल्या. वाचकांनी पत्रं लिहून टिंगल केली, की कोंडलेला माणूस दरवेळी सुटतोच कसा? ते त्यांच्या जिव्हारी लागलंय. म्हणाले, ही बत्तिसावी, शेवटची. शुद्धलेखन राहू द्या, पळवाटा शोधा. गोष्ट साधी आहे : एक माणूस वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोंडला जातो. खोली हीच, न पाहिलेलं साहेब लिहीत नाहीत. जेवण त्यांची थोरली बहीण करते. तिला मी अक्का म्हणतो.

८ मार्च
पहिली चूक सापडली. खिडकीच्या गजांचे स्क्रू आतल्या बाजूला आहेत, नाण्यानंसुद्धा निघतील. समासात तसं लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. दुपारी सुतार येऊन स्क्रू बाहेरून बसवून गेला. मजकूर आणि खोली जुळायला हवी म्हणे. इतकी शिस्त मी आजवर एकाही लेखकात पाहिली नव्हती.

११ मार्च
दुसरी : दाराच्या बिजागऱ्या आत. खिळे उपटले की दार हातात. सुतारानं त्या बाहेर घेतल्या. मी कौतुकानं बघत होतो, तर म्हणाला, हे तुमच्या डोक्यातून येतंय होय? मग भोगा. अडाणी माणूस.
तिसरी सगळ्यांत मोठी. कोंडलेल्याला बायको आहे. ती शोधत येणार नाही का? साहेब अडले. मीच सुचवलं, त्याच्याच अक्षरातलं पत्र जाऊ दे : काम लांबलंय, वर्ष लागेल, इकडे येऊ नकोस. साहेबांना नमुना हवा होता. एका बैठकीत लिहून दिला. खरा वाटावा म्हणून बायकोला घरात ज्या नावानं हाक मारतो, तेही घातलं.

१३ मार्च
नमुना परत मागितला. अक्का म्हणाली, ते पत्र परवाच टपालात पडलं. माझ्याकडे न बघता म्हणाली.
बॅग भरली. दार बाहेरून बंद.

१४ मार्च
ओरडून घसा बसला. अक्का दाराखालून ताट सरकवते. म्हणाली, भाऊ, त्रागा करू नका, त्याचं शेवटचं पुस्तक आहे, होऊ द्या पुरं. तुमच्या आधी तिघं आले होते. ते तुमच्याइतके हुशार नव्हते, म्हणून निसटले.

१६ मार्च
दाराखालून पानं आली. तपासायला. प्रकरण नववं : खोलीतला माणूस रोजनिशी लिहितो.
शब्द न् शब्द माझा. ही वही माझ्या उशाखाली असते. आत कुणी आलेलं नाही. तीन तारखेपासून चौदापर्यंत सगळं आहे, ताटसुद्धा—

१७ मार्च
आणखी एक पान. कालचं.
पण एक चूक त्यांच्या नजरेतून सुटलीय. मी दाखवलेली नाही. खुर्ची टेबलावर ठेवली की झरोक्याची चौकट हाताला लागते, आणि तिची डावीकडची—
नाही. इथं लिहायचं नाही. खोडतो—
खोडलेलंही वाचता येतं.
पावलं. अक्का. दाराला तोंड लावून हळूच म्हणाली, भाऊ, तो विचारतोय, डावीकडची काय?
मी बोलणार नाही. मी काही
तिच्यामागून जिन्यावर अजून कुणीतरी. पायरीपायरीला हत्यारांची पेटी आपटत—