ढकलगाडीने केलेला घोटाळा

यशवंतपूर, बेंगळूर

चि. सौ. अहल्येस अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे आता वळत असतील, आणि वळत नसतील तर तिळाचं तेल चोळून उन्हात बस, डॉक्टरच्या बाकावर नको. भाऊजींचा खोकला कुठवर आलाय ते कळव. निपाणीत पाणी दिवसाआड येतं का अजून? माझ्या तब्येतीची चौकशी तेवढी करू नकोस. इथे घरात सगळे तीच करतायत, आणि ती मला कोंडून घालण्यासाठी आहे. पत्र नेहमीप्रमाणे संध्या लिहून घेतेय. (सून असून अक्षर चांगलं आहे. हे लिही म्हटलं तर लाजली, पण लिहिलंन.)

तर तुझ्या लाडक्या भाच्याने, श्रीरंगाने, माझं तुमकूरला जाणं बंद केलंय. पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात हाताखाली चार माणसं आल्यापासून त्याला घरातही हुकूम सोडायची सवय लागलीय. तुला ठाऊकच आहे, आपल्यात पहिलं बाळंतपण माहेरी. पण प्रतिमाला डॉक्टरीणबाईंनी हलायचं नाही म्हणून सांगितलं आणि ती सासरीच, तुमकूरला, बाळंत झाली. लेक माहेरी येत नाही तर माहेराने उठून तिच्याकडे जावं, एवढं साधं आहे. म्हणून मी दिवसाआड सकाळच्या पॅसेंजरने जाते, नातीला तेल लावते, न्हाऊ घालते, धुरी देते, प्रतिमाला शेक देते आणि दुपारच्या गाडीने परत. विहीणबाई स्वभावाने सोन्यासारख्या आहेत, पण बाळाला न्हाऊ घालतात ते ताम्हन घासल्यासारखं. पोर माझ्या पायांवर हसते आणि त्यांच्या पायांवर गाव गोळा करते. आता तूच सांग, मी घरी बसून काय करू? जप?

आता गाड्यांचं सांगते, कारण सगळा दोष त्यांचा आहे. मला अक्षर येत नाही. स्टेशनावरच्या पाट्या तीन-तीन भाषांत लिहितात, माझ्यासाठी तिन्ही सारख्याच. पण मला इंजिन वाचता येतं. इंजिन ज्या बाजूला, गाडी त्या बाजूला. या एका अकलेवर मी मिरज केलं, पुणे केलं, हुबळीला तर लेकरं काखोटीला मारून गेले, कधी चुकले नाही. आणि आता या लोकांनी पुश-पुल म्हणून एक गाडी काढलीय. जाताना इंजिन पुढून ओढतं, आणि येताना तेच इंजिन तसंच मागे राहून गाडी ढकलत आणतं. पुढच्या डब्यात एक काचेची खोली केलीय, तिथे ड्रायव्हर बसतो. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचा त्रास नको, म्हणून ही युक्ती. लाजणाऱ्या नवरदेवाला चार जण पाठीमागून लोटत मांडवात नेतात ना, तशी ही गाडी बेंगळुरात येते. डबे चांगले आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. पण इंजिनाने मागे राहायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

गेल्या शनिवारी यशवंतपूरला दोन गाड्या समोरासमोर उभ्या. एकीचं इंजिन तुमकूरच्या अंगाला, दुसरीचं शहराच्या. मी अर्थातच पहिलीत चढले, इंजिनाकडे तोंड करून खिडकी धरली. (पाठ करून बसले की मला मळमळतं, हे तुला माहीतच आहे.) तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक मुलगा खिडकीशी आला आणि मोडक्या हिंदीत गाडी विचारू लागला. मी नुकतंच हमालाला मराठीत झापलं होतं, ते ऐकून त्याचा चेहरा असा उजळला की जणू माहेरचं माणूस भेटलं.

"आजी, ही तुमकूरला जाते ना?"

"जाते म्हणजे? दिवसाआड मीच नेते तिला."

बिचारा चढला. समोर हातभर पाटी होती आणि त्याला वाचता येत होतं, तरी वाचली नाही. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस डोळे मिटून घेतो. नाव अद्वैत, पुण्याचा, इलेक्ट्रॉनिक सिटीत कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. आणि निघाला होता तुमकूरला मुलगी पाहायला.

गाडी सुटली ती माझ्या पाठीकडे. मी म्हटलं, शंटिंग करतायत, रूळ बदलून आता फिरेल. मल्लेश्वरम गेलं. मी म्हटलं, लांबचं शंटिंग आहे. शहराचं मोठं स्टेशन आलं, मी म्हटलं, पाणी भरायला आणलीय. तो मान डोलवत राहिला, मला संत्रं सोलून देत राहिला, सालंसुद्धा खिडकीबाहेर न टाकता रुमालात बांधली. केंगेरीच्या अलीकडे तिकीट तपासनीस आला, धारवाडकडचा, महांतेश नाव. तिकिटं पाहून म्हणाला, अज्जी, ही म्हैसूरच्या बाजूला चाललीय, इंजिन मागं आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, "मी बरोबर बसलेय. इंजिन चुकीच्या जागी लावलंय." त्याने कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही, केंगेरीला उतरवून परतीच्या गाडीत नीट बसवून दिलं. माणूस चांगला, गाडी वाईट.

केंगेरीला अद्वैतने बूथवरून मुलीच्या वडिलांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते, म्हणजे ऐकायलाच उभी होते. माझी गाडी चुकली, एवढंच म्हणाला. एका म्हातारीने चुकवली, हे शब्द त्याच्या तोंडाला शिवले नाहीत. पलीकडून ऐकवलं गेलं की ज्याला धड गाडी सापडत नाही त्याला संसार काय सापडणार, तुम्ही आता येऊ नका. तरी हा मला तुमकूरला दारापर्यंत सोडायला आला. तोवर दिवस कलला होता. विहीणबाईंनी नातीला घासून ठेवलं होतं, पोर रडून रडून निजली होती, आणि श्रीरंग मला शोधत बेंगळुराहून स्कूटर घेऊन दारात उभा.

तेव्हापासून त्याचा हुकूम आहे, एकटीने गाडीत पाऊल ठेवायचं नाही, सोबत कुणी असेल तरच. मी त्याला म्हटलं, तू पोटात होतास तेव्हा मी एकटीने बेळगाव गाठलंय, तेव्हा सोबत कोण होतं? तर म्हणतो, मी होतो. (संध्या हसतेय. नवरा विनोदी आहे म्हणून हसतेय, बाकी काही नाही.) पण ऐकून ठेव, परवा मी जाणार. श्रीरंग स्कूटरची किल्ली फिरवो नाहीतर दाराला कुलूप घालो, माझी नात परवा माझ्याच पायांवर न्हाईल. गाडी आता इंजिनावरून नाही, विचारून पकडेन, आणि विचारेन कन्नडमध्ये, म्हणजे कुणी पोर फसणार नाही.

भाऊजींना नमस्कार, लेकरांना गोड पापे.

तुझी न ऐकणारी
अक्का

ता. क. शेकायला ओवा संपलाय, तिकडचा पाठव. इथला नुसता दिसायला ओवा आहे.

ता. क. ओवा पोस्टाने नको, हातीच आण. येताना तुझ्या थोरल्याची लेक सिद्धी बरोबर घे. पत्रिका आण, फोटो नको, मुलगी समोर असताना फोटो कशाला? अद्वैतला पुढच्या रविवारी यशवंतपूरला बोलावलंय, नातीला पाहायला म्हणून. सगळे मिळून तुमकूरला जाऊ, पाहणं गाडीतच उरकेल, दोन्ही बाजू पळून जाऊ शकत नाहीत. सोबत एवढी माणसं असल्यावर श्रीरंगाला बोलायला जागा नाही. पुढच्या खेपा सोयरिकीच्या नावाखाली निघतील.

ता. क. संध्या पेन थांबवून विचारतेय, शहराचं मोठं स्टेशन आलं तेव्हा तरी गाडी चुकल्याचं आईंना कळलंच असेल ना. तिला म्हटलं, अगं, तेव्हा अद्वैत त्याच्या आईच्या आजारपणात रोज स्वयंपाक कसा करायचा ते सांगत होता, अशा मुलाला मध्येच उठवून तुमकूरला पाठवायचं कसं? हे लिहू नकोस म्हटलं, तर लिहितेच आहे.