परतीचा रिकामा टेम्पो

डिंगोरे,
बुधवार, फेब्रुवारी २००१

प्रिय हनुमंत,

नाव लिहिताना हात अडखळला. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर तुम्ही म्हणजे कायमचे ‘अहो’. पण आज नुसतं ‘अहो’ म्हटलं तर तुम्ही ऐकाल याची खात्री वाटत नाही. रविवारी रात्री तुमचा फोन आला नाही. सोमवारी आला नाही, कालही नाही. कुशाबाईंच्या बूथवर मी इतक्या खेपा घातल्या की शेवटी त्यांनी माझ्यासाठी स्टूलच बाहेर काढून ठेवलं. पण बसवतंय कुठे? जीप थांबली की मी रस्त्यावर, बूथमधली घंटा वाजली की बूथवर. आई म्हणाल्या, “पायाला भिंगरी लागलीय का गं तुज्या? त्यो काय ल्हान हाय का हरवाय?” म्हणाल्या खऱ्या, पण अंगण झाडताना त्यांचीही मान वाटेकडेच होती.

इकडची हकीकत अशी की गावाच्या हिशेबानं तुम्ही जिंकलात. रविवारी तुमचा फुटबॉलचा सामना बघायला सगळं गाव सरपंच भगवंतरावांच्या ओसरीवर टीव्हीसमोर जमलं होतं. पाच वर्षं हे लोक तुम्हाला टीव्हीत शोधतायत. कॅमेरा कधीतरी बाकावरून फिरतो, आणि तेवढ्यात नेमकं शेजारच्याचं डोकं आडवं येतं. या वेळी मध्यंतरानंतर तुमचा तो पहिला गोलकीपर, कोल्हापूरकर, समोरच्याच्या पायात झेपावला आणि हात धरून पडून राहिला. तुम्ही जॅकेट काढलंत. हातमोजा दातांनी ओढून बसवलात, ते मला अगदी स्पष्ट दिसलं. आई ओरडल्या, “आरं, ह्यो तर आपला हणमा!” आणि लाईट गेली.

मग कोणी डीपीकडे पळालं, कोणी ट्रॅक्टरची बॅटरी सोडवून आणली. तिच्यावर छोटा टीव्ही जोडून होईपर्यंत बातम्या लागल्या होत्या. लाईट गेली म्हणून गावाची गोष्ट काही थांबत नाही. रात्री पारावर तुम्ही एक पेनल्टी अडवली होती, सकाळी मी डेअरीत दूध घालायला गेले तोवर तीन झाल्या होत्या. भगवंतरावांनी तर जाहीर करून टाकलं, “वैनी, यात्रेत भाऊला फेटा बांधायचा. बैलगाडे पळायच्या आदी शर्यतीच्या घाटात माइकवर नाव पुकारायचं.” मी हो म्हटलं. मलाही ते खरं असावं असं वाटत होतं.

दोन दिवस मला आपला बघण्याचा कार्यक्रम सारखा आठवतोय. घोडेगावला आमच्या घरी माणसं दाटीवाटीनं बसली होती. माझ्या काकांनी विचारलं, “किती गोल केलं पावणं?” तुम्ही म्हणालात, “मी गोल करत न्हाई, अडवतो.” “मग किती अडवलं?” सगळी बैठक तुमच्या तोंडाकडे बघत होती. दुसरा कोणी असता तर शंभर सांगून मोकळा झाला असता. तुम्ही पोह्यांची बशी खाली ठेवलीत आणि म्हणालात, “अजून खेळवलं न्हाई मला. मी दुसरा गोलकीपर हाय. पयल्याला लागलं तर मी.” काकांना हसू आलं, वडिलांच्या कपाळाला आठी पडली. दाराआड उभ्या असलेल्या मला मात्र तुम्ही त्याच क्षणी पसंत पडलात, कारण ते सांगताना तुमची मान खाली गेली नव्हती.

पुढे तेच दुसरेपण मला टोचायला लागलं, खोटं कशाला बोलू. तुम्ही सुट्टीला यायचात ते सोमाजीभाऊंच्या टेम्पोतून. वाशीला द्राक्षाच्या पेट्या उतरवल्या की त्यांची गाडी रिकामी, त्यामुळे तुमची सोय. तुमच्या शर्टाला द्राक्षांचा आणि डिझेलचा वास असायचा. दोन दिवस तुम्ही माझे, तिसऱ्या दिवशी तुमचे हात शिवशिवायला लागायचे. आई कांदे निवडताना मुद्दाम एखादा भिरकावायच्या आणि तुम्ही न बघता झेलायचात. तिथे संघात करता तरी काय, म्हणून मी विचारलं तर म्हणालात, सामन्याआधी पहिल्याला बॉल मारून मारून त्याचे हात गरम करतो. मग तो मैदानात आणि तुम्ही बाकावर. नवरदेवाला हळद लावायची आणि आपण मांडवाबाहेर बसायचं, असलं हे काम. किती भांडले मी त्यावरून. घरी बाग आहे, आई थकल्यात, रात्री घर खायला उठतं. प्रत्येक वेळी तुम्हाला निरोप देताना एकच म्हणायचे, पुढच्या खेपेला याल ते कायमचे या.

सोमवारी आईंना मेथी आणते सांगून मी नारायणगावला गेले. स्टँडवर पेपर घेतला. पान भरून क्रिकेट, आणि खाली कोपऱ्यात तुमच्या सामन्याच्या दोन ओळी. चार गोल, चारही बदली गोलकीपर आल्यावर. तुमचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं ‘बदली गोलकीपर’. मी पेपर पिशवीत टाकला आणि वर मेथीची जुडी ठेवली. परतीच्या जीपमध्ये एकानं ओळखून विचारलं, “भाऊनी नाव काढलं म्हनं?” मी मान हलवली. घरी आल्यावर मात्र राहवलं नाही, आईंना सांगून टाकलं. त्या म्हशीखाली बसल्या होत्या. चरवीतली धार थांबली नाही. “चार गेलं? मंग? म्हशीनं लाथ मारली म्हनून धार काडायचं सोडतू का आपन?” एवढंच बोलल्या. नंतर चहा तेवढा घेतला नाही.

काल दुपारी बूथवर माझ्या नावानं फोन आला. मी धावत गेले तर पलीकडे तुमचा कोल्हापूरकर. ज्या माणसाला पाच वर्षं मनातल्या मनात बरंवाईट बोलले, त्याचाच आवाज माझ्या कानात. म्हणाला, “वहिनी, तो कुणाशी बोलत नाही. बॅग भरून बसलाय. रविवारच्या सामन्याला दुसरा बघा म्हणून कोचला सांगून आलाय.” मग स्वतःचं सांगायला लागला. “माझ्या पहिल्या सामन्यात पाच गेले होते. मी रडत कोल्हापूरची गाडी धरायला निघालो होतो. हनुमंतानं मला स्टँडवरून परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोलमध्ये उभं केलं आणि माझ्या हातांची थरथर थांबेपर्यंत बॉल मारत राहिला. हे त्यानं तुम्हाला सांगितलं नसणार.”

नाही सांगितलंत. एकदाही नाही. तो माणूस त्या दिवशी गाडीत बसला असता तर ती जागा तुमची होती. तुम्ही ती स्वतःच्या हातानं त्याला परत दिलीत आणि माझी पाच वर्षांची बडबड गप्प ऐकून घेतलीत. मला तुमचा राग आला आणि रडूही आलं. कुशाबाईंनी स्टूल पुढे सरकवलं, तेव्हा कुठे मी बसले. फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “आता माझा हात प्लास्टरमध्ये आहे, पण पाय धड आहेत. रोज सकाळी बॉल घेऊन मैदानात उभा राहतोय. तेवढं त्याला पाठवा.”

म्हणून हे पत्र. पोस्टानं पोचेपर्यंत रविवार उलटून जाईल, त्यामुळे सोमाजीभाऊंकडे देते आहे. उद्या पहाटे ते माळशेजवरून वाशीला निघतील आणि तुम्ही त्याच टेम्पोची वाट बघत असणार, हे मला न सांगता कळतं. मला तुम्ही इथे हवे आहात, आत्ता हवे आहात. पण रविवारी उभे न राहता आलात तर या दारात उतरेल तो दुसराच कुणीतरी असेल. मला पोह्यांची बशी खाली ठेवून खरं बोलणारा माणूस हवा आहे. आणखी चार गेले तरी जाऊ देत. लाईट गेल्यावर काय झालं ते गावाला मी सांगेन, फेट्याचं काय करायचं ते गावानं बघावं. तुम्ही सकाळी मैदानावर जा, तिथे तुमच्यासाठी कोणीतरी उभं आहे. सोमाजीभाऊंना मी बजावून ठेवलंय, पत्र हातात द्या, चिवड्याचा डबा द्या, आणि गाडी रिकामीच परत आणा.

येत्या सोमवारपासून वाट बघणारी,
तुमचीच,
वैष्णवी