डाव्या समासातले ठिपके

१० जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या वह्यांची पेटी सुखरूप पोचली. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या, एकही पान दुमडलेलं नाही. शिपाईकाकांनी ती तीन जिने चढवली आणि धापा टाकत विचारलं की यात दगड भरलेत का. मी सांगितलं की नदी भरली आहे. तेव्हापासून ते मला जरा लांबूनच नमस्कार करतात.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहूनच सांगते. या सहामाहीत मी नवा वर्ग सुरू केला आहे. चोवीस विद्यार्थी, त्यातले बारा संगणकाचे आणि बारा दुसऱ्याच विषयांचे: भूगोल, संगीत, इतिहास, नर्सिंग. प्रत्येकाची जोडी दुसऱ्या विषयाच्या माणसाशी लावली आहे. पहिल्या दिवशी सगळे लग्नात चुकीच्या पंगतीत बसल्यासारखे बसले होते. खोली म्हणजे जुनं कोठार, कोपऱ्यात बेसिन आहे आणि त्याचा नळ गळतो. पण खोली मिळाली हेच खूप.

आता काळजीचं. वीस मार्चला अभ्यास मंडळ आमचं काम बघणार. त्यांना पटलं तर वर्ग चालू राहील, नाही तर या सहामाहीतच गाशा गुंडाळायचा. गणिताचे एक ज्येष्ठ सर आधीपासूनच म्हणताहेत की संगणक विभागाने संगणक शिकवावा, ही खिचडी कशाला. म्हणूनच तुमच्या वह्या मागवल्या. रोज सकाळी सहाची नदीची पातळी, तीही एकतीस वर्षं, मध्ये एकही ओळ कोरी नाही! असा ऐवज कुठल्या वर्गाला मिळतो? मी वर्गात इतकी फुशारकी मारली आहे की विचारू नका.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. निदान बुधवारी तरी.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
बबडी


१८ जानेवारी

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या वर्गाचं नाव तू पाकिटावरच्या शिक्क्याखाली लिहिलं आहेस, 'आंतरविद्याशाखीय संगणन'. मी ते मोठ्याने वाचायला गेलो तर तुझ्या आईनं पाठीत धपाटा घातला, तिला वाटलं मला ठसका लागला.

पाणीखात्याने त्या वह्या रद्दीत काढल्या तेव्हा मी त्या घरी आणल्या, तर हीच बाई म्हणाली होती की कपाटात माणसांचे कपडे ठेवायचे की नदीचे आकडे. आता शेजारणीला सांगत सुटली आहे की ह्यांच्या वह्या विद्यापीठात शिकवतात.

पोरांना सांग, पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही. पहिल्या दहा वह्यांना ओल लागली आहे, त्या उन्हात ठेवायच्या नाहीत. आणि फार बढाया मारू नकोस. मी एक साधा पातळी नोंदवणारा माणूस, पुलाखालच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि लिहायचा, एवढंच काम होतं.

नळाला वायसर बदलून घे, कधीचा गळत असेल.

तुझा,
बाबा


२२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

वर्गातली चष्मेवाली म्हणून एक मुलगी आहे, संगणकाची, अतिशय हुशार आणि तितकीच घाईची. तिची जोडी सिस्टरशी लावली आहे. सिस्टर म्हणजे बारा वर्षं इस्पितळात नोकरी करून पदवीला आलेली नर्स. पोरांनी महिनाभर खपून तुमचे सगळे आकडे संगणकात भरले आणि चष्मेवालीनं त्यांचा आलेख काढला. रेघ वर्षानुवर्षं वरखाली नाचते, पण चौथ्या वहीत एकदम सरळ होते. एकोणपन्नास दिवस! दर सात दिवसांनी जरा वळते आणि पुन्हा सरळ. चष्मेवाली खूश, म्हणाली की त्या हिवाळ्यात नदी किती शांत होती बघा.

सिस्टर बघत राहिली आणि म्हणाली की नदी शांत नव्हती, तिकडे कुणी बघितलंच नव्हतं. वॉर्डात काम फार झालं की ताप न बघता तक्त्यात मागच्यापुढच्याच्या मधला आकडा टाकतात, तशी पानं ती लांबून ओळखते. वर म्हणाली की हा माणूस लबाड नसावा, लबाड माणूस आकडे जरा वाकडेतिकडे टाकतो.

बाबा, मी कानकोंडी झाले. वर्गात मी अजून सांगितलेलं नाही की नोंदवणारे म्हणजे माझे बाबा. वह्यांवर हुद्दा आहे, नाव नाही, आणि घरचा माल म्हणून कुणी नाक मुरडू नये असं मला वाटलं होतं. आता तर तोंडच उघडवत नाही. तारखा बघितल्या, मी जन्मले तोच हिवाळा आहे. घरात तान्हं मूल, झोपेचं खोबरं, एखाददिवशी उशीर झाला असेल, तेवढं मला समजतं. पण सलग सात आठवडे?

चौथी वही बाजूला ठेवली तर मंडळाला कळणारही नाही. पण सिस्टरला माहीत आहे आणि मलाही. वह्या खोट्या म्हणून दाखवल्या तर सर म्हणतील की बघा, कच्च्या मालावर तीन महिने घालवले, आणि वर्ग गेला. मी काय करू ते तुम्हीच सांगा. खरं काय ते लिहा.

तुमची,
बबडी


१ मार्च

चि. बबडे,
आईचा आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शेंगा सोलत होते. ह्यांनी वाचलं, घडी घातली, चष्मा त्याच घडीत ठेवला आणि मग तासभर चष्मा शोधत बसले. दोन दिवस पुलावर जाऊन नुसते उभे राहून येतात, चहा गार होतो. शेवटी मी पत्र काढून वाचलं. अगं, मला विचारायचंस की!

तू सातव्या महिन्यात आलीस. तुला आम्ही 'जराशी लवकर' एवढंच सांगत आलो, पण तू दीड किलोचीसुद्धा नव्हतीस. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. दीड तासावरच्या मोठ्या इस्पितळात तुला काचेच्या पेटीत ठेवलं. माझे टाके पिकले होते, मला खाटेवरून उठता येईना. तुझ्यापाशी एकालाच बसू देत, मग दुसरं कोण बसणार?

ह्यांनी साहेबांकडे बदली माणूस मागितला. साहेब म्हणाले की माणूस नाही, रजा नाही, आणि वहीत कोरी ओळ दिसली तर नोकरीही नाही. तेव्हा दर रविवारी तुझी मावशी यायची, ती तुझ्यापाशी बसायची आणि हे पहाटेच्या गाडीने नदीवर जायचे. पट्टी वाचून मधल्या सहा दिवसांच्या ओळी अंदाजाने भरायच्या की पुन्हा इस्पितळात. असे सात आठवडे.

हे तुला सांगायचं नाही अशी मीच शपथ घातली होती. अशक्त पोर म्हणून जो तो तुला फुलासारखा जपत बसला असता. तू झाडावरून पडून हात मोडून घेतलास ना, तेव्हा वरून मी तुला रागावले, पण आतून मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

तुझे बाबा लिहायला बसले आहेत. मी बघितलं नाही असं त्यांना वाटतंय.

आई


२ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

आईने सगळं लिहिलं असं आईच सांगते, तेव्हा मी थोडक्यात लिहितो.

सात आठवड्यांतले सात रविवार खरे आहेत. उरलेल्या बेचाळीस ओळी मी न बघता भरल्या. तुझ्या सिस्टरची नजर तयार आहे, तिला माझा नमस्कार सांग. मात्र न बघितलेल्या प्रत्येक ओळीपुढे डाव्या समासात मी पेनाने बारीक ठिपका दिला आहे. पुढेही कधी तापाने पडलो किंवा दाट धुक्यात पट्टी दिसली नाही, तर तसाच ठिपका दिला. साहेब विचारतील की हे काय, मग सांगेन, असं ठरवलं होतं. तेहतीस वर्षांत कुणी विचारलं नाही. त्या आकड्यांवर कुणी काही बांधलं नसेल ना, हा विचार मात्र मला अजून छळतो.

चौथी वही लपवू नकोस. तुझा वर्ग गेला तर मला फार वाईट वाटेल, पण हे झाकून तो टिकला तर त्याहून वाईट वाटेल. मंडळाला सांग की लिहिणाऱ्याने कबूल केलं आहे. माझं नाव घ्यायचं की नाही ते तू ठरव.

तुझा,
बाबा


२४ मार्च

ती. बाबांस आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

दोघांना एकच पत्र लिहिते, भांडू नका. तुमची पत्रं वाचून आधी मी बेसिनपाशी उभी राहून पोटभर रडले. मग तोंड धुऊन वर्गात गेले आणि सगळ्यांना चौथी वही काढायला लावली.

ठिपके आहेत, बाबा. बेचाळीसच्या बेचाळीस. चष्मेवाली गोरीमोरी झाली, कारण आकडे भरताना तिनेच सगळ्यांना बजावलं होतं की पानावरचे डाग बघायचे नाहीत, फक्त आकडे उचलायचे. ओल लागलेल्या वह्यांत डागांना काय तोटा! तुमचे ठिपके आम्हीच पुसून टाकले होते. मग दोन आठवडे सगळे भिंग घेऊन बसले. डाग कुठला आणि ठिपका कुठला, हे ओळखण्यात इतिहासवाले पटाईत निघाले. एकतीस वह्यांत मिळून एकसष्ट ठिपके सापडले. आता आमच्या तक्त्यात एक रकाना वाढला आहे: बघून की अंदाजाने.

आणि काळजी सोडा. भूगोलवाल्यांनी खात्याची जुनी कागदपत्रं तपासली. पुलाची आणि बंधाऱ्याची मापं पावसाळ्यातल्या आकड्यांवरून घेतली होती, तुमचा तो हिवाळा कुणी वापरलाच नव्हता.

वीस तारखेला मंडळापुढे चष्मेवालीनं स्वतःची चूक आधी सांगितली. गणिताच्या सरांनी विचारलं की ज्याने आकडे मनाने भरले, त्याच्या बाकीच्या वह्यांवर विश्वास का ठेवायचा. सिस्टर उठली. म्हणाली की ड्यूटी बदलताना जी नर्स सांगते की चार वाजताचा ताप मी बघितला नाही, तिच्या बाकीच्या नोंदींवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते. सर म्हणाले ठीक, पण ठिपक्याचा हाच अर्थ कशावरून, कुठे लिहून ठेवला आहे का.

लिहून तर कुठेच ठेवलेला नव्हता. मी उठले. सांगितलं की ज्यांनी ठिपके दिले ते माझे बाबा आहेत, आणि ते बेचाळीस दिवस ते नदीपाशी नव्हते कारण माझ्यापाशी बसले होते. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. चष्मेवाली तर रडायलाच लागली.

सरांनी शेवटी विरोधातच मत दिलं, माणूस हट्टी आहे. पण अकरा विरुद्ध चार मतांनी वर्ग तीन वर्षांसाठी मंजूर झाला! बाहेर आल्यावर सरांनीच मला गाठलं आणि विचारलं की तुमचे बाबा वर्गात येऊन बोलतील का, आले तर त्यांनाही मागच्या बाकावर बसायचं आहे.

याल ना? आईला घेऊन या. दोघांची माया माझ्या वाट्याला पुरून उरते आहे, ती अशीच उरू द्या.

तुमची,
बबडी


३१ मार्च

चि. बबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी वाचलं, मग आईनं वाचलं, मग शेजारणीला वाचून दाखवलं. येत्या सोमवारच्या गाडीने येतो. आईनं मला केस कापायला पिटाळलं आणि नवा सदरा शिवायला टाकला आहे. शर्टाला बोलायचं नाही, मला बोलायचं आहे, हे तिला पटत नाही.

वर्गात काय बोलू ते ठरत नाही. मला संगणक येत नाही. मुलांना सकाळी सहाला जवळच्या एखाद्या पाण्यापाशी नेता येईल का? आधी बघायचं आणि मग लिहायचं, एवढंच मी दाखवू शकतो. चष्मेवालीला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस. तिने आलेख काढला नसता तर मीही मेलो तरी सांगितलं नसतं.

आता एक असं सांगतो, जे आईलाही माहीत नाही. काचेपलीकडे बसून मी काय करणार? मला मोजण्याखेरीज काही येत नव्हतं. म्हणून दर तासाला तुझे श्वास मोजायचो, मिनिटाला किती ते, आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहायचो. पहिल्या आठवड्यातलं अक्षर मलाच लागत नाही. पुढे पुढे आकडे नीट होत गेले आहेत, माझेही आणि तुझेही. मावशीच्या रविवारची पानं मी कोरीच सोडली आहेत.

ती वही या पत्रासोबत पाठवतो आहे. वर्गात दाखवायची तर दाखव, नाही तर तुझ्यापाशी राहू दे. त्या हिवाळ्यातलं नदीचं मला काही विचारू नकोस, पण या वहीतला एकेक आकडा मी डोळ्यांनी बघून लिहिला आहे.

स्टेशनवर आणायला येऊ नकोस, आम्ही येतो विचारत विचारत.

तुझा,
बाबा