मामाचे पाय

नंदनवन, नागपूर
१४ जुलै २०२४

चि. सौ. अनुसयेस नत्थूजीचे अ. उ. आ.

वि. वि. प्रियूचं लग्न डिसेंबरात ठरल्याचं वाचून घरात आनंदीआनंद आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. भाचीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान माझा. तो दुसऱ्या कोणाला मिळणार नाही, हे व्याह्यांना आधीच सांगून ठेव.

मागच्या महिन्यात इतवारीत ऑटोतून उतरताना पडलो, हे वैभवनं कळवलंच असेल. माझ्या लेकाच्या पोटात काही राहत नाही. मोडलं काही नाही. पण डॉक्टर म्हणाले की मांड्या-पोटऱ्या सुकल्या आहेत, पाय बळकट करा, नाहीतर पुन्हा पडाल. मला हसू आलं. जन्मभर मागावर बसून पायाखालच्या पावड्या दाबल्या, त्या काय दुसऱ्याच्या पायांनी?

शेजारची रितिका फिजिओथेरपीचं काम करते. तिनं व्यायाम दाखवले, सगळे उभ्यानं करायचे. मी त्यात आपल्या अकलेनं सुधारणा केली आहे. माग विकला तरी समोरच्या खोलीतला त्याचा पाय सोडायचा खड्डा बुजवला नव्हता. त्यावरच्या फळ्या काढल्या, काठावर बसून पाय खाली सोडले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधून दोन पावड्या तयार केल्या. सकाळ-संध्याकाळ दाबतो. तुझी वहिनी म्हणते, माग गेला पण माणूस खड्ड्यातून काही निघाला नाही.

तुझ्या यजमानांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर नाही म्हणणार नाही.
तुझा दादा


उमरेड
२५ जुलै २०२४

ती. दादास अनुसयेचा शि. सा. न.

वि. वि. तुझं पत्र प्रियूला वाचून दाखवलं. ती हसून हसून बेजार झाली. म्हणाली, मामाले उभं राहून करायला सांगितलं तर मामा बसून काहून करून राहिले? मलाही तेच विचारायचं आहे. रितिका त्यातलं शिकली आहे आणि तू तिच्या विद्येला ट्यूबा बांधतोस. लहानपणी बाबांनी सरळ रस्त्यानं जा म्हटलं की तू विहिरीच्या कडेनं जायचास, तो स्वभाव अजून आहे.

थट्टा सोडून लिहिते. लग्नाच्या हॉलमधला स्टेज उंच आहे आणि पायऱ्यांना कठडा नाही. वर गालिचे, वायरी आणि फोटोवाल्यांची गर्दी. माझ्या थोरल्या जाऊबाई, कुसुमताई, नुसत्या न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि पुढे त्या खाटेवरून उठल्याच नाहीत. त्यांचं सगळं मी केलं आहे. त्यामुळे कोणी पडलं असं ऐकलं की मला आधी ती खाटच दिसते.

तू पाठीशी उभा राहावास असं प्रियूइतकंच मलाही वाटतं. म्हणून उभ्यानं कर. वहिनीला नमस्कार. माझ्यावर राग धर पण माया सोडू नकोस.
तुझी अनुसया


उमरेड
८ सप्टेंबर २०२४

ती. दादास शि. सा. न.

वि. वि. वैभवचा निरोप आला. तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी बैल बघायला तू दारच्या ओट्याच्या कडेला उभा होतास, एकाला वाट द्यायला मागे सरलास आणि तोल जाऊन पडलास. मनगटावर प्लास्टर चढलं. हात मोडला यावर समाधान मानायची वेळ आली, कारण खुबा थोडक्यात वाचला असं डॉक्टर म्हणाले.

दादा, मी ठरवलं आहे. प्रियूच्या पाठीशी वैभव उभा राहील. मामेभाऊ आहे, कोणी नाव ठेवणार नाही. तू पहिल्या रांगेत बस. तुला राग येईल हे ठाऊक आहे. पण लेकीच्या लग्नात भाऊ आडवा झालेला पाहायची माझी छाती नाही.

हाताला जप. बोलणं बंद करू नकोस, एवढीच विनवणी.
अनुसया


नागपूर
१७ सप्टेंबर २०२४

चि. सौ. अनुसयेस अ. उ. आ.

पत्र पोचलं. वैभव उंच आहे, फोटोत चांगला दिसेल.

मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. तू मला न विचारता म्हातारा ठरवलंस. बाकी सगळे खुशाल. उजव्या हाताला प्लास्टर असल्यामुळे हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. तिनं मध्येच डोळे पुसले, पण मजकूर बदलला नाही.
नत्थूजी


नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुसयेस दादाचे अ. उ. आ.

वि. वि. दोन महिने लिहिलं नाही. राग होता, आणि थोडी लाजही होती.

प्लास्टर असताना रितिका भेटायला आली आणि तिनं तो खड्डा पाहिला. रागावली नाही, खालीच बसली. म्हणाली, काका, बसलेल्या माणसाचं वजन बुडावर असतं. तुमचे पाय ढकलायला पक्के आहेत, पण अंग पेलायची त्यांना सवयच नाही. मग तिनं मला स्वयंपाकाच्या ओट्याजवळ एका पायावर उभं केलं. मी लगेच कलंडलो, तिनं दंडाला धरलं म्हणून वाचलो. अनुसये, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच दिवशी खड्ड्यावर फळ्या ठोकून घेतल्या. आता स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलतो. खुर्चीवरून हात न टेकता उठतो आणि हळू बसतो, धपकन बसलेलं चालत नाही. फरशीच्या रेघेवर एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालतो. दात घासताना एका पायावर. तुझी वहिनी पुष्पलता मागे हात पसरून उभी असते आणि तिचा चहा रोज निवतो. सुरुवातीला मांड्या थरथरायच्या. आता ओट्याला फक्त बोट लागतं, आणि परवा रितिकानं तेही काढायला लावलं.

तिच्या मते मी मंगलाष्टकांपुरता उभा राहू शकतो. पण ठरवायचं तू. वैभव बाजूला असू दे. मला थोडंसं जरी डळमळल्यासारखं वाटलं तर मीच त्याला पुढे करीन, हा शब्द देतो. आणि नाही म्हणालीस तरी या वेळी रुसणार नाही.

माझ्यावर विश्वास टाकता आला तर टाक.
तुझा दादा


उमरेड
१५ डिसेंबर २०२४

ती. दादास अनुसयेचा शि. सा. न.

वि. वि. प्रियू सासरी रुळते आहे. घर मोकळं मोकळं वाटतं, म्हणून लिहायला बसले.

तूच पाठीशी उभा राहा म्हणून कळवलं, ते विश्वासानं नव्हे. नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून. गुडघा ठणकत होता म्हणून मी समोरच्या सोफ्यावर बसले होते. सगळे नवरा-नवरीकडे पाहत होते आणि मी तुझ्या पावलांकडे. माझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नात मी तिचं तोंड पाहिलं नाही, दादा. ते आता फोटोत पाहीन.

शेवटच्या मंगलाष्टकाला एक फोटोवाला मागे सरला आणि त्याचा धक्का तुला लागला. वैभवचा हात पुढे यायच्या आत तुझा एक पाय मागे गेला, टेकला आणि तू जागच्या जागी सावरलास. प्रियूला कळलंसुद्धा नाही. नंतर सांगितलं तेव्हा म्हणाली, मले वाटलं मामा अक्षता टाकून राहिले.

पण त्या क्षणी मी तुला धरायला निघाले होते आणि मला सोफ्यातून उठताच आलं नाही. दोन्ही हात टेकले, पुढे वाकले, पुन्हा मागे बसले. वहिनीनं हात दिला तेव्हा कुठे उभी झाले. तोवर अक्षता पडल्या होत्या, वाजंत्री सुरू झाली होती. लोकांना वाटलं, आई गहिवरली. तुला बसवायला निघाले होते मी, आणि मलाच उठता येत नव्हतं.

संक्रांतीला ये. स्वयंपाकघरातला ओटा मी रिकामा करून ठेवते. थट्टा करायची तेवढी कर, पण मला उभं राहायला शिकव.

वहिनीला नमस्कार, आणि तुझ्या पायांना दोनदा.
तुझी अनुसया