निरोपाचं खोड

प्रिय राणीसरकार,

परवा फोनवर तू तणतणलीस की, शनिवारपर्यंत माझ्याकडे राहणारी तुझी मुंगी रुळली नाही तर तिला त्या रानातल्या शाळेतून काढून तुझ्याकडे नेतेस आणि चांगल्या चार भिंतींच्या शाळेत घालतेस. मी मूग गिळून बसलो. म्हातारा सोयीनं बहिरा होतो, असं तुला वाटलं असेल. तेही काही खोटं नाही.

तिथली रीत तुला ठाऊकच आहे. नव्या मुलाबरोबर आलेल्या मोठ्या माणसानं त्या आडव्या पडलेल्या खोडावर बसायचं आणि मूल आपणहून येऊन आता जा म्हणालं की उठायचं. सुरुवातीला खोडावर बूड टेकायला जागा नव्हती. मग एकेकाची सुटका होत गेली. जुळ्यांच्या आईला तर दोघांनी एकदमच हाकललं, ती बिचारी रडत घरी गेली. उरलो मी एकटा. बाई रोज गालातल्या गालात हसतात. आजोबा, आता तुम्हालाच पालवी फुटेल, म्हणतात.

तू म्हणतेस पोर भित्री आहे. अगं, भित्री कसली! काल चिखलाच्या उतारावरून बसून घसरत आली, पँटची पार वाट लावली. गांडूळ तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरते. फक्त मधूनमधून खोडापाशी येते, माझ्या मुठीत एखादी बी नाहीतर सालीचा तुकडा कोंबते आणि पळते. मला वाटायचं, आजोबा जागेवर आहेत ना, एवढं बघून जाते. माझे खिसे बघून तुझी आई आम्हा दोघांनाही ओरडली असती.

ती गेल्यापासून घर खायला उठतं गं. सकाळी डबा भरून मुंगीचं बोट धरलं की जिवाला बरं वाटतं. हे तुला कधी बोललो नव्हतो.

आज बाईंनी मुंगीला जवळ घेऊन विचारलं, आजोबांना जा का म्हणत नाहीस? मला सगळं ऐकू येत होतं. मुंगी म्हणाली, मला नाही भीती वाटत, पण आजोबांना घरी कोणीच नाही ना. मी चष्मा पुसत बसलो. मग रीत मोडून मीच उठलो आणि तिला म्हटलं, मुंगे, मी निघतो. तिनं मला खालून वर नीट पाहिलं. एकटे राहाल ना, रडणार नाही ना, असं विचारलं. मी नाही रडणार म्हटल्यावर माझ्या मुठीत एक बी ठेवली आणि चिखलाकडे पळाली. मागे वळूनही पाहिलं नाही.

म्हणून घरी आल्या आल्या हे लिहायला बसलो. तिला तिथून काढू नकोस. ती केव्हाच रुळली होती, रुळत नव्हतो तो मी. बी समोर टेबलावर आहे, घरात कोणी नाही. आज माझा पहिला दिवस आहे. शाळा सुटेपर्यंत निभेल असं वाटतंय.

तुझाच,
खोडावरून उठलेला बाबा